पावणेआठचं दार

गुऱ्हाळाच्या दाराची कडी एकवीस पिक्सेल लांब आहे. दर अकरा सेकंदांनी ती एकदा हलते: आधी डावीकडे तीन पिक्सेल, मग उजवीकडे दोन, मग स्थिर. ती वाऱ्याने हलते, दुसरं काही कारण नाही. मला हे खात्रीने सांगता येतं, कारण ती कडी मीच हलवली आहे.

तरीही या कडीवर सत्तेचाळीस पानांचा एक निबंध आहे. पोलंडमधल्या एका माणसाने तो लिहिला. अकरा गुणिले दोन बावीस आणि तीन म्हणजे मार्च, तेव्हा दार वर्षातून एकदा, बावीस मार्चला उघडतं, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या बावीस मार्चला साडेतीन हजार लोक आपापले फोन घेऊन त्या दारासमोर उभे राहिले. दार उघडलं नाही. मग निबंधाची दुसरी आवृत्ती आली.

आमच्या गेमचं नाव ‘पाणंद’. पाणंद म्हणजे दोन शेतांमधली गाडीवाट. ऊस डोक्यावर गेला, की तिच्या दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती होतात आणि ओळखीचा माणूससुद्धा चुकतो. हा चकवा फुकटात मिळत असताना वेगळा चक्रव्यूह कशाला रचायचा, असं रुद्रेश म्हणाला होता. तो गडहिंग्लजचा. मी कोल्हापूरची. विद्यापीठात आम्ही दोघं फिजिक्सला एका वर्गात होतो, एका प्रयोगाच्या टेबलावर. नंतर मी कॉलेजात दोन वर्षं शिकवलं, त्याने एका कंपनीत काम केलं, आणि मग राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली घेऊन आम्ही हा गेम केला. २०१९ साली तो बाजारात आला.

गेममध्ये फार काही घडत नाही. तुम्ही उसातून चालता. कोणाची तरी शेळी सापडते, सायकलचा पंप सापडतो. वाटेत माणसं भेटतात. थांबून ‘रामराम’ घातला, तर ती तुमच्याबरोबर थोडी चालतात. शेवटी एक गुऱ्हाळ लागतं. धुराड्यातून धूर येत असतो, म्हणजे आत रस उकळायची काहील चढलेली आहे, गूळ होतो आहे. पण दार बंद. दाराजवळ गेलं, की आतून एका म्हातारीचा आवाज येतो:

“पावणं आठ झाल्याबिगार दार उघडायचं न्हाय.”

आणि पडद्याच्या खालच्या बाजूला अक्षरं उमटायची: ‘पावणेआठ झाल्याशिवाय दार उघडणार नाही.’

म्हातारी बोलते ते बरोबर आहे. खाली लिहिलं होतं ते चूक होतं. ते मी लिहिलं होतं.

आवाज मल्लव्वाचा. ती रुद्रेशच्या शेजारची, गडहिंग्लजला तिचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं. घरात कानडी बोलायची, दारात मराठी. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय परत लावायचं नाही, हा तिकडचा रिवाज. पण एकेकासाठी दार उघडलं, की चुलवाणाला वारा लागतो आणि जाळ बिघडतो. म्हणून मल्लव्वाने नियम केला होता: बाहेर आठ पावणं जमू द्यात, मग एकदम उघडू. रुद्रेश लहानपणी त्या दारापाशी पावणं मोजत उभा राहिलेला. त्याने गेममध्ये तेच केलं. वाटेतली आठ माणसं रामराम घालून, हळूहळू चालत, बरोबर घेऊन या, दार उघडेल. दार त्याचं काम होतं.

अक्षरं आणि घड्याळ माझं काम होतं. मी ध्वनिफीत ऐकली. माझे आईवडील दोघंही शाळेत मराठी शिकवायचे. आमच्या घरी पाहुणे येत. पावणं हा शब्द मी रस्त्यावर रोज ऐकत होते, पण त्याच्यापुढे आठ आलं, की माझा कान सरळ घड्याळाकडे वळला. मी ‘पावणेआठ’ लिहिलं, त्याचं इंग्रजी केलं, जपानी आणि स्पॅनिश करणाऱ्यांना तेच पाठवलं. शिवाय पावणेआठला दार उघडायचं, तर गेममध्ये वेळ हवी, म्हणून सहा आठवडे खपून मी सूर्य फिरवला, सावल्या लांब-आखूड केल्या, मिनिटाचा हिशोब बसवला. रुद्रेशला वाटलं, ही माझी हौस आहे. मला वाटलं, त्याला सगळं माहीत आहे. एका खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर बसून आम्ही दोन वेगळे गेम केले.

हे कळलं ते गेम बाजारात गेल्यानंतर बाराव्या दिवशी. रुद्रेश इतका हसला, की चहा त्याच्या नाकातून आला. मी लगेच दुरुस्ती करायला बसले. तो म्हणाला, “गप बस की. लोकांना मजा यायलीय.”

मजा येत होतीच. कोणीतरी लिहिलं होतं, की कोल्हापूरच्या दोन अनोळखी मुलांनी या वर्षातलं सगळ्यात अवघड कोडं केलं आहे. दार पावणेआठला का उघडत नाही, यावर लोक नेटवर रात्रंदिवस बोलत होते. पावणेआठ म्हणजे एकतीस छेद चार, म्हणून त्यांच्या मंडळाचं नावच ‘एकतीस छेद चार’ पडलं. कोणी गेमच्या फायली उचकटल्या. आतलं काही वाचता आलं नाही, पण एका फाईलचं नाव मिळालं: pavna8. ते रुद्रेशने ठेवलेलं नाव. मंडळाने ते पुरावा म्हणून पहिल्या पानावर लावलं.

आठ माणसं तोवर कोणी दारापर्यंत आणली नव्हती. पावणेआठची वेळ गाठायला सगळे पळत सुटायचे, वाटेतल्या माणसांना टाळायचे. चिली देशातल्या एका मुलीने चुकून पाच आणली होती. पाच जण मागे चालतायत, हा गेममधला दोष असावा, असं तिने आम्हाला नम्रपणे कळवलं.

‘पुढच्या आवृत्तीत सांगू’ असं मी म्हणाले. मग त्याच्या पुढच्या. मंडळात एकोणीस हजार लोक झाले. त्यातल्या दोघांनी एकमेकांशी लग्न केलं, मुहूर्त अर्थातच सात पंचेचाळीस. त्यांनी आम्हाला पत्रिका पाठवली. अशा लोकांना काय लिहायचं? सहा वर्षं गेली. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवलं होतं, की मोजमापातली चूक लपवायची नसते, आकड्यापुढे अधिक-उणे करून लिहायची असते. मी मुलांच्या वह्यांत ते लाल शाईने लिहायची. माझं स्वतःचं अधिक-उणे मात्र मी कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात प्ले-स्टोअरकडून पत्र आलं. नव्या फोनांवर चालेल अशी आवृत्ती शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत चढवा, नाहीतर गेम काढून टाकू. शुक्रवारी सकाळी आवृत्ती तयार होती. मी ती ओळ उघडून बसले होते.

“बदलू?” मी विचारलं.

“कशाला?” रुद्रेश म्हणाला. “सहा वर्षांत न्हाय बदललं, आता काय अंगात आलंय?”

“गुपचूप बदलायचं नाही. सांगून बदलायचं.”

“सांगून? एकोणीस हजार माणसं बोंबलत येतील. दार उघडलं की निघून जातील सगळी. बंद आहे म्हणून उभी आहेत ती.”

“चुकीच्या कारणाने उभी आहेत.”

“उभी आहेत न्हवं?” तो म्हणाला आणि खुर्ची फिरवून पाठ करून बसला. हा आमचा नेहमीचा संवाद आहे. दर वर्षी साधारण तीन वेळा होतो.

बाराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. एक जण पायरीपायरीवर थांबत होता, दुसरं माणूस त्याला वरून हाका मारत होतं. आधी बाई आत आल्या, साठीच्या, पदर खोचलेला, हातात पिशवी. त्यांच्यामागे पांढरी टोपी घातलेले, सडपातळ गृहस्थ.

“पाणंदवाल्या मॅडम हितंच बसत्यात का?” बाईंनी विचारलं.

“मीच. अंतरा.”

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “एवढीशीच हाय व्हय?” त्या मागे वळून म्हणाल्या. “आन् हिच्या नादानं तुमी सहा वर्सं घालवली?”

“बस की जरा, बनाबाई,” गृहस्थ म्हणाले. मग टोपी सारखी करत मला म्हणाले, “मी आकाराम. पेठ वडगावचा. मंडळात मला वडगावकर म्हंत्यात.”

मी उभी राहिले. रुद्रेशची खुर्ची आपोआप फिरली.

वडगावकर हे मंडळातलं सगळ्यात मोठं नाव. गेममधल्या सावल्यांच्या साठ आकृत्या त्यांनी हाताने काढून मंडळात लावल्या होत्या. गेममधलं घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडतं, असं त्यांनी चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं. मी तपासलं. पडत होतं. मी ते निमूट दुरुस्त केलं. मला वाटायचं, हा माणूस कुठल्यातरी वेधशाळेत नोकरीला असणार.

“घड्याळं दुरुस्त करायचो,” आकारामकाका म्हणाले. “वडगावच्या बाजारात दुकान होतं. आता घड्याळं कोण दुरुस्त करतंय? नातीनं फोनात ह्यो गेम घालून दिला. म्हटलं, वेळंचं कोडं हाय, ह्यातलं आपल्याला कळतंय.”

“वडापच्या जीपनं आलोय,” बनाबाई म्हणाल्या. “मुद्द्याचं बोला, परत जायाचं हाय.”

रुद्रेशने खालच्या टपरीवर चहा सांगितला. आकारामकाकांनी पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या. अकरा होत्या. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात ‘पावणेआठ’ आणि क्रमांक.

“मंगळवारची गोष्ट,” ते म्हणाले. “कानातली वायर तुटली. म्हणून आवाज मोठा करून खेळत बसलोतो. ही सैपाकघरात—”

“मी सांगते,” बनाबाई म्हणाल्या. “ह्यांचा फोन वाजला. आतनं कोण बाई म्हंती, पावणं आठ. म्हटलं, आत्ता गं बया, आठ पावणं कुठनं काढलं ह्यांनी? आदी सांगाय नको व्हय? मी आपलं पीठ वाढवलं. चोवीस भाकरी थापल्या. आमटी वाढवली. दोन वाजलं, तीन वाजलं. पावण्यांचा पत्ता न्हाय.”

रुद्रेशने तोंडावर हात ठेवला.

“मी म्हटलं, अगं, कुठलं पावणं?” आकारामकाका म्हणाले. “ते टाइम हाय. पावणंआठ. खाली लिवलंय की. तर ही म्हंती—”

“लिवणारा काय बी लिवंल. म्हातारी काय म्हंती ते ऐका की.”

“मग आयकलं. फोन कानाला लावून पन्नास डाव आयकलं. पहिल्यांदा टाइमच आयकू आला. मग हिचं आयकू आलं. आता तर दोन्ही बी आयकू येतंय, बगा. झोपंत सुदीक.” ते माझ्याकडे बघत थांबले. “आमच्यात दोन्ही सारखंच म्हंत्यात. म्हणून हितवर आलो. लिवलंय ते बरोबर हाय का, एवढंच इचारायचं हाय.”

चहा आला. मी चार कप मांडले, त्यात बराच वेळ घालवला.

“काका,” रुद्रेश मध्ये पडला, “कोडं हाय ते. सांगितलं तर त्यातलं काय राहिलं? तुमचं तुम्हीच शोधा की. मजा त्यातच हाय.”

आकारामकाका त्याच्याकडे वळले. “पावणं, गाव कुठलं तुमचं?”

“गडहिंग्लज.”

“मग तुमाला तर म्हाईतच असणार.”

रुद्रेश पंख्याकडे बघू लागला. पंखा बंद होता.

“माझं असं हाय,” आकारामकाका म्हणाले. त्यांनी अकरावी वही उघडली. “येत्या रविवारी मंडळापुढं मी बोलणार हाय. सगळी ऐकणार हायत, पार जपानपातूर. नात इंग्रजी करून सांगणार. पावणेआठला दार का उघडत न्हाय, त्येचा शेवटचा हिशोब. माझ्या मतं पावणेआठ सकाळचं बी न्हाय, रात्रीचं बी न्हाय; गुऱ्हाळाच्या जागंवरचं हाय. गडहिंग्लजच्या उन्हाचं. आपल्या घड्याळात आन् तितल्या सूर्यात बत्तीस-तेहेतीस मिनिटांचा फरक पडतोय. एवढी वही त्यातच गेली.”

मी वही हातात घेतली. रेखांशावरून स्थानिक वेळ काढली होती. त्यात एकही चूक नव्हती. मी पाच पानं तपासली, शेवटच्या दशांशापर्यंत. ज्या माणसाने कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याने माझ्या एका चुकीच्या ओळीवर इतकं नेमकं गणित उभं केलं होतं, की मला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची लाज वाटली.

“हिशोब बरोबर आहे,” मी म्हणाले.

“ते मला म्हाईत हाय,” ते शांतपणे म्हणाले. “हिशोबात माझी चूक असली तर मला पायजे, मी दुरुस्त करीन. पर दुसऱ्याची चूक माझ्या हिशोबात नको. दुकानात बी माझं असंच होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, काटा सरकवून द्या. मी म्हणायचो, आत काय झालंय ते बगू दे आदी.”

“आन् एवढ्या माणसांम्होरं हसं नको,” बनाबाई म्हणाल्या. मघापासून पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला होता. “घरात मी हसती ते येगळं. चारचौघांत ह्यांना कोण हसलं तर मला न्हाय चालायचं.”

आकारामकाकांनी बशीत चहा ओतला. “काय असंल ते सांगा. खरं सांगू वाटलं न्हाय, तर नुस्तं नमस्कार म्हणा. मी समजून जाईन आन् रविवारचं आजारी पडीन.”

खालच्या झेरॉक्सच्या मशीनचा आवाज येत होता. मी रुद्रेशकडे पाहिलं. सहा वर्षं दर वेळी हा प्रश्न मी त्याला विचारत आले होते आणि तो नाही म्हणत आला होता. तो नाही म्हणेल हे माहीत असल्यामुळेच मी विचारत होते, हे मला त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं.

“आत काय हाय पर?” बनाबाईंनी विचारलं. “दार उघडलं तर?”

रुद्रेशने डोकं खाजवलं. मग मला न विचारताच तो बोलायला लागला. “मल्लव्वा बसलीय. काहिलीपाशी. सगळ्यांना रस देती. एकेकाला इचारती, कुठलं, कुणाचं, ऊस लावलाय का. चार मिनिटं बोलती.”

“एवढंच?” आकारामकाका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही ओळखता आलं नाही.

“एवढंच. चार मिनिटं बारा सेकंद. आजपातूर कुणी ऐकलं न्हाय.” त्याने कप बाजूला सरकवला. “म्हातारी अजून हाय. दर दिवाळीला घरी गेलो की इचारती, माझ्या दारात कोण आलतं का रे? मी सांगतो, अव्वा, लाखभर माणसं येऊन गेली. मग ती म्हंती, रस दिलास का त्यांना?”

“मग काय सांगतोस?” बनाबाईंनी विचारलं.

“दिला म्हणून सांगतो.”

“लाखभर माणसं दारातनं माघारी लावलीस!” बनाबाई म्हणाल्या. “आन् वर म्हातारीला खोटं सांगतोस? काय पोरगं हाईस का कोण?”

रुद्रेश हसला, पण नेहमीसारखं नाही. मग त्याने माझ्या टेबलाकडे हनुवटी उडवली. पडद्यावर ती ओळ सकाळपासून उघडीच होती. “बघ बाई तुझं तू,” तो म्हणाला. “मी न्हाय म्हणणार न्हाय.”

आता नाही म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. आकारामकाकांनी बशी खाली ठेवली होती आणि दोन्ही हात अकराव्या वहीवर ठेवून ते वाट बघत होते. नमस्कार म्हणायला मला एक सेकंदही लागला नसता. त्यांनी वह्या पिशवीत भरल्या असत्या, जिना उतरला असता, आणि मंडळ आणखी सहा वर्षं पळत राहिलं असतं.

मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढून बसले.

“काका, बनाबाईंनी ऐकलं ते बरोबर आहे,” मी म्हणाले. “मल्लव्वा पाहुण्यांबद्दल बोलते. मी वेळ समजले आणि तसं लिहिलं. हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. ती ओळ मी आज बदलणार आहे, आणि रविवारी तुमच्या आधी मी बोलणार आहे. चूक माझी होती, हे मंडळाला मीच सांगणार.”